बावन्नाव्या मिनिटाचे टाके

गाय रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि उठायचा तिचा अजिबात विचार दिसत नव्हता.

पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावर गाईला हॉर्न द्यायची पद्धत नाही. रस्ता तिचा, आपण पाहुणे. टिहानीने मुकाट्याने गाडी बंद केली, शेजारच्या सीटवरची लोकर मांडीवर ओढली आणि विणायला सुरुवात केली. बारीक पाऊस पडत होता. दोन ओळी विणून होतात न होतात तोच गाईच्या पलीकडून आवाज आला.

"बाई, कृपा करा हो. शाळा सुटायला दहा मिनिटं राहिलीत..."

टिहानीने मान वर केली. एक उंच, भिजलेला माणूस गाईसमोर चक्क हात जोडून उभा होता. केसांतून पाणी निथळतंय, बुटांना लाकडाचा भुसा चिकटलाय आणि चेहरा इतका गरीब की हसावं की मदत करावी, कळेना. टिहानीने आधी हसून घेतलं, मग ती खाली उतरली.

"पेटुनिया आहे ती. कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"मग करायचं काय?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"तिला वाटेल तेवढा वेळ. आणि शाळेची काळजी करू नका. आजच्या पावसात बाई पोरांना सोडणार नाहीत." तिने त्याला नीट न्याहाळलं. "तुम्ही मॉराचे भाऊ ना? परवा बेकरीपाशी मी हात केला, तर तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत."

"मी?... अहो, पण आपली ओळख नव्हती."

"म्हणून काय झालं? इथे समोरून गाडी आली की हात वर करायचा. ओळख लागत नाही. अख्खं बेट विचारतंय, मॉराच्या भावाच्या हाताला झालंय तरी काय?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने तिथल्या तिथे, भर पावसात, शपथ घ्यावी तसा उजवा हात वर केला. टिहानीनेही केला. तिच्या हातात विणायची सुई होती, ती तशीच वर गेली आणि दोघंही हसत सुटले. पेटुनियाला हा गोंधळ सहन झाला नसावा. ती उठली आणि चालायला लागली.

त्याचं नाव फर्गस. टास्मानियाचा, लाकडी होड्या बांधणारा. त्याच्या बहिणीचं, मॉराचं बाळ दोन महिने आधीच यायची घाई करू लागलं, म्हणून तिला दवाखान्याच्या विमानाने ब्रिस्बेनला न्यावं लागलं होतं. नवराही तिच्याबरोबर गेला. मागे राहिली आठ वर्षांची ब्रॉनी. तिला सांभाळायला मामा धावत आला होता आणि मॉरा परतली की परत जाणार होता. एवढं सगळं टिहानीला आधीच ठाऊक होतं, कारण बेट केवढंसं! तो हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात हजर झाला. टिहानी तिथली ग्रंथपाल. तो टेबलाशी आला आणि इकडेतिकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला जरा भीतीदायक सिनेमाबद्दल बोलायचं होतं."

"मग कुजबुजताय कशाला? भूत ऐकतंय?"

पण तो हसला नाही. समोरची खुर्ची ओढून बसला.

"ते तुमचं... भीतीचा शनिवार आहे ना? ब्रॉनीला यायचंय. सगळा वर्ग येणार आहे."

भीतीचा शनिवार ही बेटावरच्या मुलांनी हट्टाने मिळवलेली गोष्ट. नोव्हेंबरात, आभाराच्या दिवसाच्या, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाच्या आधी, सार्वजनिक हॉलमध्ये दुपारी चारला एक भीतीचा सिनेमा लावायचा. चार वर्षांच्या पोरापासून चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळं बेट गोधड्या, उशा, डबे घेऊन येणार. पूर्वी सिनेमा निवडायचं काम टिहानीच्या डल्सीआत्याकडे होतं. आत्या सीडीच्या डबीवरचं चित्र बघून निवडायची. एके वर्षी चित्रात गोजिरवाणी मांजर होती. सिनेमा संपला तेव्हा निम्मा हॉल बाकांखाली होता आणि ख्रिसमसपर्यंत कित्येक घरांतली पोरं आईबापांच्या मधे झोपत होती. तेव्हापासून निवड टिहानीकडे.

"मग येऊ दे की तिला," टिहानी म्हणाली.

"तुम्हाला कसं सांगू..." फर्गस बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिला. "ती रडत नाही हो. आई गेली तेव्हापासून एकदाही नाही. उलट मलाच सांगते, मामा, तू काळजी करू नकोस, मी दूध गरम केलंय. आता नाही म्हटलं तर पोर वर्गात एकटी पडेल. हो म्हटलं आणि तिच्या मनाला काही लागलं, तर मॉराला मी काय तोंड दाखवू? तिने तिची सगळ्यात मोठी ठेव माझ्या हवाली केलीय."

टिहानीची चेष्टा ओठांतच राहिली. "ब्रॉनीला झेपेल असाच सिनेमा मी लावीन," ती म्हणाली. "माझा शब्द."

"पण तुम्हाला कळतं कसं, कुठला झेपेल ते?"

मग तिने त्याला आपली युक्ती दाखवली. सिनेमा बघताना ती विणत बसायची, सुयांकडे न बघता. छातीत धस्स झालं की हात चुकतो आणि टाका सुटतो. सिनेमा संपला की सुटलेले टाके मोजायचे. पाचाच्या आत असले तर सगळ्या घरादाराने मिळून बघावा. दहाच्या वर गेले तर डबी परत. वहीत मिनिटंही लिहून ठेवायची, म्हणजे लहानग्यांच्या आयांना आधी सांगता येतं, अमुक वेळी पोराला मांडीवर घ्या.

फर्गसने टेबलावरचा अर्धवट विणलेला मफलर उचलला आणि उजेडाकडे धरला. त्यातून त्याचे डोळे दिसले.

"ही भोकं म्हणजे..."

"गेल्या दोन वर्षांतली भुतं."

"मीही बघू का तुमच्याबरोबर? म्हणजे... जबाबदारी माझीच आहे ना."

"घाबरणार नाही ना?"

"अहो, मी उधाणात होड्या घातल्यात!" तो छाती काढून म्हणाला.

बुधवारी वाचनालय दुपारी बंद असायचं आणि ब्रॉनी त्या दिवशी शाळेतून डल्सीआत्याकडे केळ्याची पिल्ही, म्हणजे इथला केक, भाजायला शिकायला जायची. मागच्या खोलीचे पडदे ओढून दोघं बसली. उधाणात होड्या घालणारा गडी पाचव्या मिनिटाला उशीच्या मागे होता.

"गेलं का ते?"

"कोण?"

"ती बाहुली हो!"

"बाहुली अजून कपाटातच आहे. दार वाऱ्याने वाजलं." टिहानीला हसू आवरेना. "होडीवाले, डोळे उघडा."

"तुम्हीच बघा आणि मला सांगा."

त्या सिनेमाचे टाके एकोणीस झाले. डबी परत. पुढच्या बुधवारचा सिनेमा तेराचा निघाला, पण त्यातला एक टाका फर्गसच्या किंकाळीने सुटला होता, तो धरावा की धरू नये यावर दोघं तासभर भांडली. भांडताना त्याने आणलेली पेरूच्या जेलीची बिस्किटं संपली, चहा गार झाला आणि तो तिला टास्मानियातल्या आपल्या गोदीबद्दल सांगत राहिला. लाकूड वाकवायचं असेल तर त्याला वाफ द्यावी लागते, तो म्हणाला, जोर करून चालत नाही. टिहानी ऐकत होती. माणूस भित्रा नव्हे, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं. भीती वाटली की तो सरळ सांगून मोकळा व्हायचा, इतकंच. तिला आजवर भेटलेल्या शूर पुरुषांपैकी एकालाही हे जमलेलं नव्हतं.

आता रस्त्यावर त्याची हिरवी गाडी दिसली की टिहानीचा हात आधीच वर जायचा. तोही लांबूनच हात काढायचा, कधी दोन्ही. डल्सीआत्या शेजारी बसलेली असली की खाकरायची.

"काय ग आत्या?"

"काही नाही बाई. घसा."

तिसऱ्या बुधवारी त्यांना सिनेमा सापडला. दीपगृहातलं एक म्हातारं भूत, दिवा विझू नये म्हणून धडपडणारं. एक एकाकी मुलगी आणि तिची कामासाठी दूर जाणारी आई. पन्नास मिनिटं झाली तरी टाके फक्त दोन. टिहानी मनातून खूश होती. फर्गसने उशी बाजूला ठेवली होती. बाहेर पाऊस पत्र्यावर हलकेच वाजत होता.

पडद्यावर आई होडीत बसली. होडी धक्क्यापासून सुटली. आईने हात हलवला... आणि नेमका तेव्हाच फर्गसचा हात बिस्किटांच्या बशीकडे जाता जाता टिहानीच्या हातावर आला. आला आणि तिथेच राहिला.

दोघंही अगदी मन लावून सिनेमा बघत होती, म्हणजे तसं दाखवत होती. पुढच्या दहा मिनिटांत सिनेमात काय झालं, हे टिहानीला कुणी सांगितलं असतं तर तिने आभार मानले असते.

नंतर तिने टाके मोजले. दोन आणि बावन्नाव्या मिनिटाला एकदम सहा. वहीत तिने लिहिलं, "५२ — सहा." मग कान तापले, आणि तिने ते खोडून पुढे लिहिलं, "सिनेमामुळे नव्हे."

"काय म्हणताय? झेपेल ना ब्रॉनीला?" फर्गसने विचारलं.

"डोळे मिटून आणा," टिहानी म्हणाली.

शनिवारी हॉल खच्चून भरला. ब्रॉनी मामाचा हात सोडून वर्गातल्या मैत्रिणींमध्ये जाऊन बसली, पाठ ताठ, दोन घट्ट वेण्या. भूत आलं तशी पोरं खिदळायला लागली. या बेटावर जुन्या तुरुंगापासून स्मशानापर्यंत प्रत्येकाच्या ओळखीचं एक तरी भूत असतं. पडद्यावरच्या भुताला कोण विचारतो?

"हे तर आंघोळ करून आलेलं दिसतंय!" अर्नीआजोबा मागून ओरडले आणि हॉल हसून लोळला. टिहानीने दाराशी उभ्या उभ्या सुटकेचा श्वास सोडला.

मग बावन्नावं मिनिट आलं. आई होडीत बसली. होडी सुटली. आईने हात हलवला.

हॉलमध्ये एकदम चिडीचूप झालं. टिहानीला समोर नुसती डोकी दिसत होती आणि प्रत्येक डोकं तिच्या ओळखीचं होतं. कुणाचा मुलगा शिकायला गेलेला, कुणाचा नवरा औषधपाण्याला, कुणाची बहीण कायमची. इथे भुताला कुणी भीत नाही. इथे भितात ते निघून जाण्याला. हे तिला, इथेच जन्मलेल्या मुलीला, कळायला नको होतं? तिच्या बोटांना कळलं होतं. सहा टाके सोडून बोटं ओरडून सांगत होती आणि तिने ते खोडून टाकलं होतं.

पहिल्या रांगेतून एकच हुंदका आला. दोन वेण्या उठल्या आणि दाराकडे धावल्या. मागोमाग फर्गस.

"आत्या, थांबव सिनेमा," टिहानी म्हणाली आणि बाहेर पळाली.

बाहेर पाइनच्या उंच झाडाखाली फर्गस ओल्या गवतावर बसला होता आणि ब्रॉनी त्याच्या मांडीवर कोसळून रडत होती. साठलेलं, दाबलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. फर्गसने वर बघितलं. टिहानीने त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही म्हणाला होतात, डोळे मिटून आणा."

ती काही बोलणार तेवढ्यात ब्रॉनीच म्हणाली, "मी हात नाही केला..."

"काय, राणी?"

"आई विमानात चढली ना... तिने हात केला. मी नाही केला. मी रागावले होते, मला सोडून जाते म्हणून. सगळे हात करतात, पेटुनिया आडवी आली तरी करतात, आणि मी आईलाच नाही केला. म्हणून ती येत नाहीये."

फर्गस तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिला. टिहानी समोर गुडघ्यांवर बसली. गवताचं पाणी तिच्या झग्यात शिरलं.

"ब्रॉनी, अगं विमानाच्या खिडकीतून आईला काय दिसत होतं, माहितीय? कुंपणाला नाक लावून उभी असलेली दोन वेण्यांची पोरगी. विमान अगदी दिसेनासं होईपर्यंत तू तिथून हलली नाहीस. मी होते ना तिथे, पुस्तकांचं खोकं घ्यायला आले होते. सगळे हात करून घरी गेले. शेवटपर्यंत उभी राहिलीस ती तू एकटी."

ब्रॉनीने नाक पुसलं. "खरंच?"

"खोटं सांगून मी कुठे जाऊ? बेट केवढंसं आहे."

ब्रॉनीचे हुंदके हळूहळू लहान झाले. फर्गस टिहानीकडे बघत होता. राग ओसरला होता, पण प्रश्न तसाच होता. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"चूक माझी आहे. बावन्नाव्या मिनिटाला सहा टाके सुटले होते. वहीत लिहूनही ठेवलं होतं. मग खोडलं."

"का?"

"कारण..." पाइनवरून एक गार थेंब नेमका तिच्या मानेवर पडला. "कारण मला वाटलं, ते तुमच्यामुळे सुटले."

"माझ्यामुळे?"

"तुम्ही हात ठेवलात ना तेव्हा... आणि खरं सांगू? त्याच्या आधीच्या बुधवारीही दोन तुमचेच होते. ते मी मोजलेच नाहीत."

फर्गसच्या गालावर खळी उमटायला लागली आणि त्याने ती मोठ्या कष्टाने आवरली.

"म्हणजे हिला तू आवडतोस, मामा," ब्रॉनी रडव्या आवाजात म्हणाली. "एवढंपण कळत नाही?" मग टिहानीकडे वळून, "ती आई शेवटी येते का परत? सिनेमातली?"

"येते."

"मग चला. मला बघायचंय."

ती तिघं आत आली तेव्हा हॉलमध्ये दिवे लागलेले होते. डल्सीआत्या चहा ओतत होती, पिल्हीचे तुकडे हातोहात फिरत होते आणि दोनशे माणसं काहीच घडलं नसल्यासारखी गप्पा मारत बसली होती. त्यांच्यावाचून सिनेमा पुढे सुरू करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अर्नीआजोबांनी सरकून ब्रॉनीला जागा दिली आणि आपली गोधडी तिच्या अंगावर टाकली. टिहानीला भरून आलं. आपण अशा माणसांत जन्मलो, यासाठी कुणाचे आभार मानावेत हे तिला कळेना, म्हणून तिने सगळ्यांचे कप धुऊन टाकले.

त्यानंतरचे दहा दिवस मात्र तिची कसोटी लागली. बाळाने बाळसं धरलं होतं. मॉरा आभाराच्या दिवशी, बुधवारच्याच विमानाने येणार होती. फर्गसचं परतीचं तिकीट त्याच विमानाचं. तो धक्क्यावर गुंतला होता. बेटाला जहाज लागत नाही, माल होड्यांनी उतरवावा लागतो, आणि त्यातल्या एका होडीची फळी फुटली होती. रस्त्यात दिसला की हात करायचा, दोन्ही करायचा. पण त्या झाडाखालच्या बोलण्याबद्दल अवाक्षर नाही.

मंगळवारी संध्याकाळी टिहानीने मफलर पुरा केला, भोकांसकट, आणि धक्क्यावर जाऊन त्याच्या हातात दिला.

"टास्मानियाच्या थंडीत लागेल तुम्हाला."

त्याने मफलर उलटसुलट करून बघितला. "बावन्नावं मिनिट कुठलं?"

तिने बोट ठेवलं. त्याने त्याच जागी अंगठा ठेवला. "आभारी आहे," तो म्हणाला. बस्स, एवढंच! टिहानी घरी गेली आणि वाटेत पेटुनियालासुद्धा तिने हात केला नाही.

सकाळी चर्चमध्ये प्रत्येक बाकाच्या टोकाला मक्याची हिरवी ताटं बांधली होती. पायऱ्यांवर भोपळे, केळ्यांचे घड, रताळी, फुलं. ज्याने जे पिकवलं ते त्याने आणलं होतं. टिहानी आत्याची केळी ठेवून वळली आणि जागीच थांबली. तिसऱ्या बाकाच्या टोकाला, मक्याच्या ताटांभोवती, तिचा भोकांचा मफलर गुंडाळलेला होता. शेजारी फर्गस उभा होता. केस विंचरलेले, बुटांना भुसा.

"हे काय?" तिने दबक्या आवाजात विचारलं. "मी थंडीसाठी दिला होता."

"आज सगळे आपापलं पीक आणतात, असं तुझी आत्या म्हणाली. मी इथे दुसरं काय पिकवलंय?" तो पहिल्यांदाच तिच्याशी 'तू'वर आला होता आणि ते त्याच्याही लक्षात आलं. तो थांबला, श्वास घेतला. "मला सगळ्यांचे आभार मानायचे होते, टिहानी. त्या कुंपणाशी ब्रॉनीला तू पाहिलंस त्याचे. सगळ्यांनी सिनेमा थांबवून ठेवला त्याचे. आणि त्या गाईचे."

"आणि थंडी?"

"तिकडे थंडी असेल. पण तिकडे जातंय कोण?... एका होडीची फळी बसवली, तर लोकांनी मला आणखी दोन होड्या दाखवल्या. मी तिकीट काल परत केलं. तुला सांगायला येणार होतो, पण तू मफलर दिलास आणि माझी वाचाच बसली."

"भित्रा कुठला!"

"आहेच मी. तुला कधी लपवलं का?"

टिहानी हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "राहा मग," ती म्हणाली. "माझे टाके सुटले तर सुटू देत. राहा तू." मागून कुणीतरी जोरात खाकरलं. आत्याचा घसा.

दुपारी विमान उतरलं तेव्हा अर्धं बेट कुंपणाशी होतं. दार उघडायच्या आधीपासूनच ब्रॉनी दोन्ही हात हलवत होती, टाचा उंच करून, वेण्या उडवत. शिडीवर मॉरा दिसली. तिच्या नवऱ्याच्या कुशीत पांढरं गाठोडं होतं. मॉराने हात वर केला. मग कुंपणावरचे सगळे हात वर गेले, शेकडो हात. फर्गसने डावा वर केला आणि टिहानीने उजवा, कारण उरलेले दोन आता मोकळे नव्हते.